बांध कोरणाऱ्याला दगडाची शिवी

गोराईहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. मागच्या वेळी सुक्या मासळीच्या पॅकिंगवर बोललो होतो. आजचा विषय एकदम वेगळा आहे, पण तोही गटाच्या बैठकीतूनच निघाला.

झालं असं. महिन्याची बैठक होती. हप्ते जमा करून झाले, वही लिहून झाली, आणि उठायच्या वेळी दोन जावांचं वाजलं. दोघींच्या भाजीच्या वाड्या शेजारी शेजारी, मध्ये एक बांध. धाकटीचं म्हणणं, थोरलीच्या मुलानं दर पावसाळ्यात कुदळ मारून मारून बांध कोरला, हातभर जागा त्यांच्या वाडीत गेली. थोरली म्हणे, बांध पाण्यानं खचला, माझ्या पोराला कशाला नाव ठेवतेस? शब्दाला शब्द वाढला आणि मग आयामाय निघाली. ज्यांनी बांध पाहिलाही नव्हता अशा आयांचा उद्धार झाला. आमच्यातली सगळ्यात म्हातारी आजी इतका वेळ गप्प बसून होती. ती म्हणाली, "अगो, पूर्वी यासाठी शिवेवर गाढवाचा दगड उभा करायचे. तुम्ही तोंडानं देताय तीच शिवी त्या दगडावर असायची."

आम्ही हसलो. पण आजीचं बोलणं डोक्यात राहिलं. आमच्यात एक-दोघी बी.ए. झालेल्या आहेत, त्यातल्या एकीला कॉलेजातलं पुसट पुसट आठवत होतं. मग वाचनालयातून पुस्तकं आणली, जाणत्यांना विचारलं, दोन ठिकाणी जाऊन पाहिलं. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो. विषय जरा ओंगळ आहे, आधीच सांगून ठेवतो. पोरंबाळं ऐकत असतील तर ऐकू द्या, त्यांनाही कळलं पाहिजे.

आधी आपला मुलूख. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, ठाणे हा सगळा भाग म्हणजे जुनं साष्टी बेट. साष्टी हे नाव 'षट्षष्टी'वरून आलं, म्हणजे सहासष्ट गावं. गोव्यातही एक साष्टी आहे, तिचा आणि आपला घोळ करू नका. आमची गोराई, मनोरी, उत्तन ही गावं साष्टीच्या पश्चिमेला, खाडीच्या पलीकडे. आजही बोरिवलीला जायचं तर आम्ही होडीत बसतो. तर या साष्टीवर साधारण इसवी सन ८०० पासून १२६५ पर्यंत शिलाहार राजांचा अंमल होता. सुरुवातीला ते राष्ट्रकूटांचे मांडलिक होते, पुढे आपल्या पायावर उभे राहिले. ठाण्याला त्यांच्या लेखात 'स्थानक' किंवा 'श्रीस्थानक' म्हटलंय. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर तुम्ही पाहिलं असेल, ते त्यांच्याच काळातलं.

हे राजे देवळांना आणि ब्राह्मणांना जमिनी दान द्यायचे. कधी पूर्ण गाव, कधी एक शेत, कधी नुसतं एखाद्या वाडीचं उत्पन्न. दान दिलेल्या जमिनीवर राजाची माणसं वसुलीला यायची नाहीत, शिपाई आत शिरायचे नाहीत, असा करार असायचा. आता बघा, अशा वेळी जमिनीची हद्द किती महत्त्वाची होते! बांधाच्या अलीकडे कर माफ आणि पलीकडे कर चालू. म्हणून दानपत्रात जमिनीचे 'आघाट' लिहायचे, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी. आपण खरेदीखतात चतु:सीमा लिहितो ना, पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक, तीच रीत. भांडुपला एक ताम्रपट सापडला होता, शिलाहार राजा छित्तराज याचा, इसवी सन १०२६ चा. त्यात षट्षष्टीतल्या एका गावातलं शेत दान दिलंय. त्याच्या चतु:सीमेत शेजारच्या गावांच्या शिवा सांगितल्यात आणि एका बाजूला राजमार्ग, म्हणजे सरकारी रस्ता. जवळजवळ हजार वर्षं झाली, तलाठ्याच्या कागदाचा साचा मात्र फारसा बदलला नाही.

पण कागद, म्हणजे तांब्याचा पत्रा, राहायचा दान घेणाऱ्याच्या घरात पेटीमध्ये. शेतावर काय? तिथं डोळ्यांना दिसेल अशी खूण लागते. मनुस्मृतीत याची लांबलचक यादी आहे. त्या ग्रंथात आपल्या बायांबद्दल जे लिहिलंय ते आम्हाला मान्य नाही, पण हद्दीची माहिती कामाची आहे. शिवेवर वड, पिंपळ असली मोठी झाडं लावावीत, मातीचे उंचवटे घालावेत, तळी-विहिरी खणाव्यात, हे वरून दिसणारं. आणि न दिसणाऱ्या खुणा जमिनीत पुराव्यात: दगड, हाडं, भुसा, राख, खापरं, विटा, कोळसा, वाळू. का, तर वरचा बांध माणूस कोरील, झाड तोडील, पण खाली पुरलेला कोळसा कुजत नाही आणि चोराला त्याचा पत्ताही नसतो. किती पुढचा विचार केला होता!

त्याच ग्रंथात असंही आहे की शिवेचा तंटा मिटेना आणि गावचे साक्षीदार मिळेनात तर रानात नि पाण्यात फिरणाऱ्यांना विचारावं. पारधी, गुराखी, कंदमुळं खणणारे, साप पकडणारे, आणि कोळी. कोळ्यांचं नाव ऐकून आमच्या गटातल्या कोळणी एकदम ताठ बसल्या. खरंच आहे, खाडीचं पाणी कुठपर्यंत चढतं आणि कुठली जागा कधी कोरडी पडते हे जाळं टाकणाऱ्याला जेवढं कळतं तेवढं ताम्रपट लिहिणाऱ्याला कुठून कळणार? साक्ष देणाऱ्यांनी डोक्यावर माती घ्यायची, लाल वस्त्रं नेसायची, गळ्यात माळा घालायच्या आणि मग सांगायचं. डोक्यावर शिवेची माती घेऊन खोटं बोलायचं नाही. मराठ्यांच्या राज्यातही ही रीत होती. दोन गावांचा शिवेवरून तंटा झाला की गावच्या माणसानं, पुष्कळदा महार वतनदारानं, डोक्यावर ढेकूळ घेऊन शीव चालायची. तो चालेल ती हद्द. ज्याला गावकुसाच्या आत घर बांधू देत नव्हते, त्याच्या पावलावर गावाची हद्द ठरायची. या यादीत बाई मात्र कुठंच नाही. बांधावर भाकर घेऊन रोज जाणारी, बांधावरचं गवत कापणारी ती, पण साक्षीला तिला कुणी बोलावलं नाही.

'शीव' हा शब्द अजून एका ठिकाणी आपल्या रोजच्या तोंडात आहे. सेंट्रल लाइनचं शीव स्टेशन. मुंबई बेट संपतं आणि साष्टी सुरू होते ती ही शीव. पोर्तुगीज साष्टीवर आणि इंग्रज मुंबईवर, तेव्हा इंग्रजांनी याच जागी १६६९ ते १६७७ च्या दरम्यान किल्ला बांधला. इंग्रजांनी त्याचं सायन केलं. रोज लाखो माणसं ती शीव ओलांडतात आणि कुणाला पत्ता नसतो.

आता आजीच्या गाढवाकडे येऊ. शिलाहारांच्या काळात दान दिलेल्या जमिनीवर किंवा गावाच्या शिवेवर एक उभा दगड रोवायचे. त्याला गधेगाळ म्हणतात. गाळ म्हणजे गाळी, शिवी. गाढवाची शिवी असलेला दगड. कोकण, गोवा आणि आसपासच्या मुलखात असे पुष्कळ दगड सापडलेत आणि साष्टीतही आहेत. मुंबई विद्यापीठ आणि पार्ल्याचं साठ्ये महाविद्यालय यांच्या अभ्यासकांनी गेल्या काही वर्षांत साष्टी पायाखाली घालून असे दगड नोंदवले. हर्षदा विरकुड या संशोधक बाईंनी तर गधेगाळांवरच अभ्यास केला. बाईनं हा विषय घेतला हे वाचून आम्हाला धीर आला, नाहीतर रेडिओवर बोलायला आम्हीच कचरत होतो.

दगडाचे साधारण तीन भाग असतात. वर चंद्र आणि सूर्य, कधी सोबत कलश. अर्थ सोपा आहे, चंद्रसूर्य आहेत तोवर हे दान चालेल. मध्ये लेख. सगळ्याच दगडांवर लेख असतो असं नाही. आणि खाली चित्र. त्यात एक बाई आहे आणि गाढव तिच्यावर चढलेलं आहे. जो कुणी हे दान मोडील, हद्द हलवील, त्याच्या आईची अशी गत होवो, असा तो शाप. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं त्यालाही चित्र वाचता यायचं.

आमच्याच मुंबईत परळला असा एक शिलालेख मिळाला, शिलाहार राजा अपरादित्य याचा, इसवी सन ११८७ चा. साष्टीतल्या एका गावच्या वाडीच्या उत्पन्नातून वैद्यनाथ देवाच्या पूजेसाठी ठरावीक रक्कम द्यायची, असं त्यात आहे. ते गाव म्हणजे कुर्ल्याजवळचं माहुल असावं, असं अभ्यासक सांगतात. गंमत अशी की सगळा लेख संस्कृतात आहे आणि शेवटचा शाप तेवढा लोकांच्या बोलीत, म्हणजे जुन्या मराठीत. हे शासन जो मोडील त्याच्यावर वैद्यनाथाचा भाला सहकुटुंब पडो, आणि पुढे आईची ती गाढवाची शिवी. दान संस्कृतात आणि शिवी मराठीत! आपल्या भाषेच्या अगदी जुन्या लेखांमध्ये ही शिवी आहे, याचं हसावं की रडावं कळत नाही.

हे वाचून आम्ही ठरवलं, एक तरी दगड डोळ्यांनी पाहायचा. अलिबागला बचत गटांच्या मालाची विक्री होती, ती संधी साधली. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला बोटीनं, पुढे अलिबाग, आणि तिथून रेवदंड्याच्या रस्त्यावर अक्षी गाव. अक्षीचा शिलालेख मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी मानला जातो. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२. वर्षाच्या वाचनावर जाणकारांचा वाद आहे, पण शं. गो. तुळपुळे यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकानं ते शके ९३४ असंच वाचलं. लेखाची सुरुवात जगात सुख नांदो अशा अर्थाची आहे. पश्चिम समुद्राचा अधिपती, कोकणचा चक्रवर्ती केशीदेवराय, त्याचा प्रधान भइर्जू सेणुई, आणि दान कशाला तर महालक्ष्मीच्या बोडणाला, नऊ कुवली धान्य. शेवटी महालक्ष्मीची आण घातली आहे.

बोडण! आमच्यातली एक ताई लगेच म्हणाली, अहो, आमच्या शेजारच्या काकूंकडे लग्न-मुंज झाली की बोडण भरतात. सवाशिणी आणि कुमारिका बसवून, दूध, दही, तूप, मध घालून, देवीला हातानं कालवतात. बायांचंच काम ते. म्हणजे हजार वर्षांपूर्वी बायांच्या देवीच्या पूजेला धान्य दिलं, त्याची शपथही देवीचीच घातली, आणि ते दान राखायला दगडावर गाढवाखाली बाईच घातली. आम्ही त्या दगडासमोर बराच वेळ उभ्या होतो. झिजलेला आहे. नीट पाहिल्याशिवाय खालचं काही कळत नाही. कळल्यावर एकीनं पदर तोंडाला लावला. अक्षीला आणखी एक शिळा आहे, यादव राजा रामदेवराय याच्या काळातली, १२९१ ची. म्हणजे शिलाहार गेले, यादव आले, शिवी तीच. पुढे सुलतानांच्या अमलातही हे दगड उभे राहतच होते.

परतीच्या बोटीत मोठा वाद झाला. तो तुमच्यापुढे ठेवतो, कारण यावर आमचं अजून एकमत नाही. दोघी-तिघींचं म्हणणं, असला दगड ठेवायचाच कशाला? फोडून खाडीत टाकावा. लेकीसुनांनी बघण्यासारखं आहे का ते? बऱ्याच गावांत लोकांनी असंच केलंय. अपशकुनी म्हणून पालथा घातला, पायरीला लावला, धुण्याला घेतला. आणि काही गावांत नेमकं उलटं. खालचं चित्र काय आहे हे न कळता शेंदूर फासून देवी म्हणून पूजा चालू. आमच्या आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "पूजतात ते बरंच करतात. तिच्यावर एवढं गुदरलं, तिला कुणीतरी कुंकू लावायला नको?" यावर कुणालाच उत्तर सुचलं नाही.

आमच्यातल्या बाकीच्यांचं म्हणणं, दगड राहिलाच पाहिजे. तो फोडला तर हे झालंच नव्हतं असं म्हणायला लोक मोकळे. जमीन राजाची, दान देणारा पुरुष, घेणारा पुरुष, बांध कोरणारा पुरुष, आणि शिक्षा कुणाला? त्याच्या आईला. जिच्या नावावर त्या जमिनीतला वाफाही नव्हता. त्यामागचा हिशोब असा की पुरुषाला स्वत:च्या मरणाचं भय नसेल, पण घरातल्या बाईच्या अब्रूचं भय असेल. म्हणजे बाई ही त्याची मालमत्ता, जमिनीसारखीच. एका मालमत्तेच्या रक्षणाला दुसरी मालमत्ता गहाण. आम्ही कर्ज देताना तारण घेत नाही, गटाच्या विश्वासावर देतो, म्हणून ही गहाणाची गोष्ट आम्हाला चटकन समजली.

बोरिवलीला एक्सर गावात वीरगळ आहेत, ते आमच्या अगदी खाडीपलीकडचे. तेही एका रविवारी पाहून आलो. वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या वीराचा दगड. एक्सरच्या दगडांवर चक्क समुद्रावरची लढाई कोरलीय, ओळीनं वल्ही मारणारी जहाजं. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव राजा महादेव यांच्यात १२६५ च्या सुमारास जी लढाई झाली तीच ही, असं बरेच अभ्यासक मानतात. वीर खालच्या चौकटीत मरतो आणि वरच्या चौकटीत स्वर्गात जातो. तिथंही बाया आहेत, वीराला न्यायला आलेल्या अप्सरा. आणि काही गावांत सतीचे दगड असतात, त्यावर पूर्ण बाई नसतेच, नुसता कोपरापासून वर उचललेला, बांगड्या भरलेला हात. अप्सरा, बांगड्यांचा हात, आणि गाढवाखालची आई. त्या काळच्या दगडांवर गावची साधी बाई शोधायला गेलं तर असं काहीतरी भेटतं. भात लावणारी, मासे विकणारी, मीठ ओढणारी कुठंच नाही.

ती बाई सापडते मातीत, असं आम्हाला वाटतं. कारण शिवेवर एक दगड असला तरी बाकी सगळी हद्द मातीची असते. आणि खाडीकाठच्या मुलखात मातीचा बांध म्हणजे नुसती हद्द नव्हे, जीव असतो. भरतीचं खारं पाणी शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं भात होत नाही. अलिबाग-पेणच्या खारेपाटातल्या बाया आम्हाला त्या विक्रीत भेटल्या, त्यांच्याकडून शब्द शिकून आलो. समुद्राच्या बाजूचा मोठा बांध तो बाहेरकाठा. पावसाचं पाणी बाहेर सोडायची झडप ती उघाडी. भरतीनं बांध फुटला की 'खांड गेली' म्हणतात. तिकडे पूर्वी जोळ असायचं, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून अंगमेहनत करून बांध राखायचा. १९४८ साली मुंबई राज्यात खारजमिनींचा कायदा झाला आणि सरकार या कामात उतरलं. चिखलाची ढेकळं काढून हातोहात द्यायची, पायानं दाबायची, त्यावर पुन्हा थर. हे काम बायांच्या हातांशिवाय कधीच झालं नसेल. असा बांध दरवर्षी नव्या मातीनं जुना राहतो. एक पिढी थांबली की संपला.

परदेशातही मातीचे शिवबांध आहेत. इंग्लंड आणि वेल्सच्या हद्दीवर ऑफा नावाच्या राजानं आठव्या शतकात मातीचा प्रचंड बांध घातला, बाजूला खंदक. तो ७५७ ते ७९६ राजा होता, म्हणजे आपल्याकडे शिलाहार यायच्या जरासा आधी. आजही त्या बांधाचे मिळून सुमारे १३० किलोमीटरचे तुकडे दिसतात. तिथं लोक त्यावरून मुद्दाम चालायला जातात. राजाचं नाव बांधाला मिळालं. माती वाहणाऱ्यांची नावं तिथंही नाहीत.

आता आजच्या गोष्टी. साष्टी १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, १७३७ ते ३९ मध्ये मराठ्यांनी घेतली, १७७४ मध्ये इंग्रजांनी. मग मोजणी आली, साखळी आली, नंबर आले, आणि हद्दीचे नवे दगड आले. त्यांच्यावर चित्र नाही की शाप नाही. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे हद्दीची खूण मोडली किंवा हलवली तर दंड होतो. आईला नाही, ज्यानं मोडली त्यालाच. एवढी प्रगती झाली म्हणायची.

शिवेचा प्रश्न मात्र आमच्या गावांना सुटलेला नाही. मुंबईतल्या गावठाणांची आणि कोळीवाड्यांची हद्द आखून द्या, ही मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. हद्द नकाशावर नसेल तर घराची दुरुस्ती अडते आणि मासे सुकवायची जागा 'मोकळी जागा' ठरते. काही वर्षांपूर्वी गोराई, मनोरी, उत्तनच्या जमिनींवर पर्यटनाचा 'सेझ' आणायचं चाललं होतं, तेव्हा गावंच्या गावं विरोधाला उभी राहिली. त्या मोर्चांत बाया किती होत्या हे आम्ही पाहिलंय, आम्हीच होतो. पण सभेत कागद मागितले तेव्हा बहुतेकींच्या हातात नवऱ्याच्या, सासऱ्याच्या नाहीतर आजेसासऱ्याच्या नावाचा उतारा होता. स्वत:च्या नावाचा नव्हता.

कायदा आपल्या बाजूनं आहे, हे सांगायला हवं. हिंदू कुटुंबात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मानं हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्येच दिला, आणि २००५ मध्ये तो देशभर झाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं की २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क राहतो. आमच्या ख्रिस्ती भगिनींना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे, त्यात मुलगा-मुलगी समान. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, आणि पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती' काढली, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन केली. तेव्हा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढून एकदा वाचा. नाव आहे का बघा. हक्कसोड पत्रावर भावानं 'नुसती सही कर' म्हटलं तर आधी वाचा, मग सही.

आणि गावात असा जुना दगड दिसला तर एवढं करा. हलवू नका, ऑइलपेंट लावू नका, घासू नका, अक्षरं जातात. फोटो काढा, कुठं आहे ते लिहून ठेवा, आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना-बाईंना कळवा.

त्या दोन जावांचं काय झालं ते राहिलंच. भांडण गटात मिटलं नाही. शेवटी दोघींनी निम्मी निम्मी फी भरून भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज दिला. तारीख मिळाली ती ऐन उन्हाची. मोजणीच्या दिवशी दोघींचे नवरे कामावर, म्हणून आम्ही चौघी-पाचजणी जाऊन बांधावर उभ्या राहिलो. भूमापक साहेबांनी जुना नकाशा काढला, मोजून एका जागी खणायला सांगितलं. दीड हातावर कुदळ खणकन वाजली. जुना हद्दीचा दगड, मातीत गेलेला. बांध खरोखर सरकला होता, हातभर नाही, वीतभर, आणि तोही दोन्ही बाजूंनी वाकडातिकडा. थोरली काही बोलली नाही. धाकटीनं तिला पाण्याची बाटली दिली.

साहेबांनी पंचनामा लिहिला आणि विचारलं, साक्षीदार कोण? आजूबाजूला पुरुष दिसतो का म्हणून त्यांनी एकदा पाहिलं. मग कागद आमच्याकडे दिला. खाली आम्ही पाच सह्या केल्या, आजीनं अंगठा दिला. अंगठ्याला शाईबरोबर बांधाची मातीही लागली होती, ती तशीच कागदावर उमटली.